नवस फेडला नाही, म्हणून मुलीच्या आजारातून देव वसुली करतोय का?

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम सलाम. तीन वर्षांपूर्वी माझ्या पतींच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी देवाला म्हणाले, 'यांना वाचव, मी नोकरी सोडून पूर्णवेळ तुझ्या सेवेला लागेन.' ते वाचले, पण मी नोकरी सोडली नाही. त्यांना आता पूर्वीसारखे काम झेपत नाही, घर माझ्याच पगारावर चालते. खरे सांगायचे तर मला ती सोडायचीही नव्हती. या नवसाबद्दल पतींना आजवर सांगितलेले नाही. यंदा आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह निघाला. प्रार्थनागटातल्या एका भगिनीजवळ मन मोकळे केले, तर त्या म्हणाल्या, 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. शौलाचे काय झाले ते वाचा. देवाला दिलेला शब्द मोडला की तो घरातून वसूल होतो.' तेव्हापासून मी प्रभुभोजन घेत नाही. देवाची दया माझ्यासारखीला आहे का, की ती अजाणतेपणी चुकणाऱ्यांसाठीच असते? आणि मुलीसाठी आता पुन्हा नवस केला, या वेळी खरोखर फेडला, तर?
– एक आई

ताई, सलाम.

तुम्ही पत्रात नवसापासून सुरुवात केली आहे. मी मुलीपासून करते, कारण तुमची झोप तिच्या काळजीने उडाली आहे.

टाइप 1 मधुमेहात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. ज्या घरात कुणी कधी नवस केला नाही त्या घरातही तो होतो, आणि ज्यांनी आपले नवस वेळच्या वेळी फेडले त्यांच्या मुलांनाही होतो. 1922 पर्यंत, म्हणजे माणसाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले जाईपर्यंत, या आजाराच्या मुलांना वाचवण्याचा मार्गच नव्हता. आज तो आहे. तिचे इन्सुलिन, तिची साखर तपासणे, डॉक्टरांच्या भेटी, यातले काहीही प्रार्थनेसाठी पुढे ढकलू नका. देवावरच्या विश्वासाची परीक्षा म्हणून तर मुळीच नको.

'पण हे माझ्यामुळेच झाले का?' हा तुमचा खरा प्रश्न. तो येशूला जवळपास याच शब्दांत विचारला गेला होता. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याची बातमी निघते, तेव्हाही ते इतरांपेक्षा अधिक दोषी होते हा हिशेब तो मान्य करत नाही. आणि यहेज्केलाने अठराव्या अध्यायात स्वच्छ लिहून ठेवले आहे की बापाच्या अधर्माचा भार मुलावर पडणार नाही. आईच्याही पडणार नाही, हे त्यात आलेच.

यावर तुमच्या भगिनी दावीदाचे नाव काढतील. बथशेबा या परस्त्रीशी केलेल्या व्यभिचारानंतर दावीद राजाचे मूल मेले, आणि ते पापामुळेच, असे तिथे लिहिलेले आहे. तो उतारा सोपा करून सांगणारी व्याख्याने मला पटत नाहीत. तो कठीणच आहे, कठीणच राहू द्यावा. मात्र त्यात एक गोष्ट नीट पाहा. दावीदाला ते नाथानाने सांगितले, आणि नाथान संदेष्टा म्हणून पाठवला गेला होता. मुलाचा ताप पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढलेला तो अंदाज नव्हता. ईयोबाच्या तीन मित्रांनी मात्र असेच अंदाज काढले, दुःख बघून पाप शोधले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. तुमच्याकडे नाथान आलेला नाही. ईयोबाच्या मित्रांपैकी एक आला आहे.

आता शौल. ज्या वचनाने तुम्हाला घायाळ केले ते मी तुमच्यासमोर पुन्हा उघडणार आहे, कारण ते तुमच्याविरुद्ध वापरले गेले असले तरी नीट वाचल्यावर तुमच्या बाजूचे निघते.

पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात इस्राएलचा राजा शौल याला अमालेकी लोकांचा, त्यांच्या गुरामेंढरांसकट, समूळ नाश करण्याची स्पष्ट आज्ञा मिळाली होती. (ती आज्ञा स्वतःच अंगावर काटा आणणारी आहे. त्यावर कधीतरी वेगळे लिहावे लागेल.) शौलाने अगाग राजाला जिवंत ठेवले, उत्तम मेंढरे आणि गुरे राखून ठेवली, आणि शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारल्यावर म्हणाला, ही तर परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी ठेवली आहेत. म्हणजे देवाने मागितले एक, आणि शौल द्यायला निघाला स्वतःच ठरवलेले दुसरे, तेही अधिक धार्मिक दिसणारे. त्यावर शमुवेल म्हणाला, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.

आता सांगा, नोकरी सोडायला तुम्हाला देवाने सांगितले होते का? पत्रात तसे कुठेही नाही. ते तुम्ही देऊ केले. घाबरलेल्या बाईने हाताला लागेल ते मौल्यवान उचलून देवापुढे ठेवले. त्यात प्रेम होते, भीती होती, सौदाही होता. पण ती तुमच्याकडून निघालेली भेट होती, शमुवेलाच्या भाषेत तो यज्ञ होता. आज्ञा म्हणजे देवाने जे खरोखर मागितले आहे ते. आजारी पतीला सांभाळणे, मुलीला वाढवणे, घरच्यांची तरतूद करणे. आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला, इतके कडक शब्द पौलाने तीमथ्याला लिहिले आहेत. तुमच्या भगिनींनी तुम्हाला शौल ठरवले, पण पतीची औषधे आणि मुलीचे इन्सुलिन बाजूला ठेवून तुम्ही राजीनामा दिला असता, तर शौलाच्या जवळ तेव्हा गेला असतात.

हे माझ्या मनाचे नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने नेमके हेच प्रकरण हाताळले आहे. आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे एकदा म्हणून टाकले की मुलगा त्यांच्यासाठी काही करायला मोकळा राहत नसे, आणि शास्त्री ते धर्म म्हणून चालवून घेत. येशू म्हणाला, तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता. देवाला वाहिलेली वस्तू आणि देवाने सोपवलेली माणसे यांच्यात ओढाताण झाली तेव्हा त्याने माणसांची बाजू घेतली.

मग नवस हवेतच विरला का? तसेही नाही. अनुवाद आणि उपदेशक ही बायबलमधली दोन्ही पुस्तके सांगतात की नवस केला तर फेडायला उशीर लावू नको, आणि न केलास तर पाप नाही, असे अनुवाद म्हणते. हन्नेने शमुवेलाविषयी नवस केला आणि मूल दूध तोडण्याजोगे झाल्यावर खरोखर देवाच्या घरी नेऊन दिले. देवाला दिलेला शब्द हलका नाही. पण त्याच नियमशास्त्रात, आणि इकडे फार थोडे उपदेश वळतात, न झेपणाऱ्या शब्दाचीही सोय आहे.

लेवीयच्या पाचव्या अध्यायात अविचाराने तोंडातून शपथ निघून गेलेल्या आणि पुढे आपला दोष ध्यानात आलेल्या माणसाचे कलम आहे. त्याने काय करावे? पाप कबूल करावे आणि कळपातली एक मादी अर्पावी. ती ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. तेवढेही जमत नसेल तर एफाचा, म्हणजे धान्याच्या एका जुन्या मापाचा, दशमांश सपीठ. शेवटचे कलम मी कितीदा तरी वाचते. रक्ताशिवाय पापार्पण नाही असे आपण ठासून सांगतो, आणि इथे थोडेसे पीठ पापार्पण म्हणून स्वीकारले जाते, केवळ समोरचा माणूस गरीब आहे म्हणून.

सत्ताविसावा अध्याय याच्याही पुढे जातो. माणूसच देवाला वाहण्याचा नवस केला असेल, तर त्याचे मोल भरून मोकळे होता येई. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाला पन्नास शेकेल रुपे, बाईला तीस. आणि नवस करणारा इतका गरीब असेल की तेही भरता येत नाहीत, तर त्याने याजकापुढे उभे राहावे आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावे. दया ही कायद्याला नंतर जोडलेली सवलत आहे, अशी अनेकांची समजूत असते. इथे ती कायद्याच्या मजकुरातच लिहिलेली आहे, मापासकट.

इस्राएलचा सेनापती इफ्ताह याने हे कलम वापरले असते तर त्याची मुलगी वाचली असती का? शास्त्यांच्या अकराव्या अध्यायात तो म्हणतो, मी विजयी होऊन परतलो तर घराच्या दारातून जे सामोरे येईल ते परमेश्वराचे. सामोरी आली एकुलती एक मुलगी, आणि त्याने कपडे फाडून म्हटले, मी शब्द दिला आहे, माघार घेता येत नाही. यहुदी रब्बींच्या परंपरेत यावर एक बोचरी टिप्पणी आहे. फीनहास तो नवस सोडवू शकला असता. पण इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, मी त्याच्याकडे का जाऊ? फीनहास म्हणाला, मी याजक, गरज त्याला आहे, मी का जाऊ? दोघांच्या मानापानात मुलगी गेली. देवाने तिला मागितले होते असे त्या अध्यायात कुठेही लिहिलेले नाही.

नवस फेडला असतात तर तुमचे मन शांत झाले असते, असे तुम्हाला वाटते ना? जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर जुलै 1505 मध्ये श्टॉटर्नहाइम गावाजवळ वादळात सापडला, वीज पडली, आणि भीतीने त्याने संत आन्नाला हाक मारून मठवासी होण्याचा शब्द दिला. दोन-तीन आठवड्यांच्या आत तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला, वडील संतापलेले असताना. नवस तंतोतंत पाळूनही देव आपल्यावर प्रसन्न आहे ही खात्री त्याला मिळेना, आणि मठातली त्याची तगमग पुढे साऱ्या ख्रिस्ती जगाला ठाऊक झाली. 1521 मध्ये त्याने मठवासी नवसांविरुद्ध लिहिले आणि 1525 मध्ये कॅथरिना फॉन बोराशी लग्न केले. कॅथलिक वाचकांना हा दाखला रुचणार नाही, आणि लूथरच्या निष्कर्षाशी सहमत व्हा असे मी म्हणतही नाही. भीतीपोटी दिलेला शब्द पाळून भीती जात नाही, एवढ्यापुरता तो घ्या.

शिवाय कॅथलिक मंडळीचा स्वतःचा कायदाही या बाबतीत निर्दय नाही. 1983 च्या कॅनन कायद्यात वैयक्तिक नवसातून रास्त कारणासाठी सूट देण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या बिशपांप्रमाणे आपल्या पॅरिशच्या धर्मगुरूंनाही आहे (कलम 1196), आणि नवस तितक्याच किंवा अधिक चांगल्या कामात बदलून घेणे हे तर नवस करणाऱ्यालाच करता येते (कलम 1197). दुसऱ्या टोकाला, वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतही, देवाने नेमलेल्या कर्तव्याच्या आड येणारा नवस करूच नये असे बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. तुम्ही कोणत्या मंडळीच्या ते पत्रात नाही. कोणत्याही असा, हा विषय घेऊन आपल्या फादरांकडे किंवा पाळकांकडे जाता येते. इफ्ताह गेला नाही.

इथवर वाचून तुम्हाला हायसे वाटले असेल तर जरा थांबा. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून मला पुढे जाता येत नाही. 'खरे सांगायचे तर मला ती सोडायचीही नव्हती.'

हे वाक्य तुम्ही लिहिलेत याबद्दल मला तुमचा आदर वाटतो, कारण ते गाळून पत्र अधिक सोज्वळ झाले असते. नोकरी आवडणे हे पाप नाही, मन लावून केलेले काम हीदेखील देवाची सेवा असते. पण तीन वर्षे तुम्ही स्वतःला आणि बहुधा देवालाही फक्त पगाराचे कारण सांगत आलात. घराची गरज खरी आहे, मात्र ते अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे की त्या रात्री तुम्ही जे देऊ केले ते सकाळी द्यावेसे वाटले नाही. कबूल करायचे आहे ते हे. ज्या आज्ञापालनाबद्दल तुम्ही इतक्या तळमळीने विचारता, त्यातले तुमच्या वाट्याचे राहून गेलेले काम मला राजीनाम्यापेक्षा इथेच दिसते. देवाशी खरे बोला. 'मी घाबरून बोलले. नंतर मला ते नको झाले. मग तुला टाळू लागले.' तीन वाक्ये पुरेत. पश्चात्तापाचे एकावन्नावे स्तोत्र सोबत घ्यायचे तर घ्या, पण आधी तुमच्या शब्दांत बोला.

शौल आणि दावीद यांच्यातला फरक मला इथेच जाणवतो. पाप मोजायला गेलो तर दावीदाचे जड भरेल, व्यभिचार आणि वर बथशेबेचा नवरा उरिया याचा खून. 'मी पाप केले' हे शब्दही दोघांच्या तोंडी आहेत. पण शौल लगेच पुढे म्हणतो, लोकांच्या भीतीने केले, आणि आता माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. दावीद नाथानापुढे कारण देत नाही.

जाणूनबुजून चुकलेल्यांना दया आहे का, याचेही उत्तर त्यात आले. अजून हवे असेल तर इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातला तेहेतिसावा अध्याय काढा. मनश्शे राजाने यरुशलेमेत पंचावन्न वर्षे राज्य केले, आपली मुले अग्नीत होमली, मंदिरात मूर्ती उभी केली. अजाणतेपणी नव्हे, सगळे ठाऊक असताना. बेड्या पडल्यावर तो देवापुढे नमला, आणि देवाने त्याची विनवणी ऐकली. इब्री लोकांस पत्रातले दहाव्या अध्यायातले भयंकर वाक्य, बुद्धिपुरस्सर पाप करणाऱ्यांसाठी आता यज्ञ उरला नाही हे, तुम्ही बहुधा वाचून बसला आहात. ते देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवून पाठ फिरवणाऱ्यांविषयी आहे, पुढची तीन वचने वाचा म्हणजे दिसेल. पाठ फिरवलेला माणूस 'मला दया आहे का' असे पत्र लिहीत बसत नाही.

प्रभुभोजनाचे थोडक्यात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातला अयोग्य रीतीने खाण्याचा इशारा धरून तुम्ही लांब राहिलात. पण तो इशारा भुकेल्यांना मागे ठेवून स्वतः आधी जेवून घेणाऱ्या करिंथच्या मंडळीला होता. आणि अठ्ठाविसावे वचन, माणसाने आत्मपरीक्षा करावी, इथे संपत नाही. परीक्षा करून मग ती भाकर खावी, असे ते आहे. तुम्ही पहिले अर्धे पुष्कळ केलेत. कबुली झाली की, तुमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे, पुढच्या वेळी मेजाकडे जा.

पतींना सांगा. हे मी आग्रहाने सांगते. गणनेच्या तिसाव्या अध्यायात बायकोचा नवस नवऱ्याच्या कानावर जाण्याबद्दल बरेच नियम आहेत, त्यातली घरातली सत्ता आजच्या घराला लावायची माझी इच्छा नाही. पण घरादारावर परिणाम करणारा शब्द एकटीने वाहून नेऊ नये एवढा शहाणपणा त्यात आहे. ते बरे झाले त्याची किंमत म्हणून तुम्ही तीन वर्षे आत कुढता आहात, हे त्यांना ठाऊकच नाही. ते काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. कदाचित वाईट वाटेल, कदाचित हसतील. मुलीला मात्र यातले काही कळू देऊ नका. 'माझ्या आजाराचे कारण आईचा नवस' हे ओझे अकराव्या वर्षी घ्यायला नको.

मग त्या नवसाचे काय करायचे? पाळकांशी बोलून तो बदलून घ्या. तुमच्या ऐपतीप्रमाणे, लेवीयच्या भाषेत सपिठाएवढा. नोकरी आणि घर सांभाळून जे जमेल, आणि देवापुढे न कुरकुरता जे करता येईल, असे एक काम. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या माणसांजवळ बसणे तुम्हाला इतरांपेक्षा चांगले जमेल असे मला वाटते, पण हा माझा तर्क, आज्ञा नाही. भरपाई म्हणून करू नका. दंड भरल्यासारखे वाटू लागले तर थांबा आणि पुन्हा बोला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवतो ना? इतकी वर्षे तुमची चाकरी करतोय, कधी आज्ञा मोडली नाही, असे म्हणणारा. त्याचे आज्ञापालन निर्दोष होते आणि तरी तो घराबाहेर उभा होता.

त्या भगिनींशी भांडू नका. बहुतेक त्यांच्याही मनात असाच एखादा जुना हिशेब असेल, अशी माणसे वसुलीची भाषा स्वतःवर आधी वापरतात. पण मुलीच्या आजाराचा विषय त्यांच्यापुढे काही काळ काढू नका, आणि त्यांनीच काढला तर एवढे म्हणा, 'त्यावर मी पाळकांशी बोलते आहे.'

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलीसाठी पुन्हा नवस करू का? नको. काही देऊ केल्याशिवाय देव ऐकत नाही, ही समजूत सोडायची वेळ आली आहे. मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप धोंडा देईल, असे येशूने डोंगरावर विचारले, आणि त्या मुलाने बदल्यात काही देऊ केले होते असे तिथे नाही. तिच्यासाठी मागा, रोज मागा, रागावून मागावेसे वाटले तर तसे मागा, स्तोत्रकर्त्यांनी ते भरपूर केले आहे. ती बरी व्हावी म्हणून मागा, आणि हा आजार आज तरी आयुष्यभराचा आहे म्हणून तिच्यासोबत तो निभावण्याचे बळही मागा. इन्सुलिन कसे द्यायचे, साखर एकदम उतरली तर काय करायचे, हे पतींनाही शिकवून ठेवा. सगळे तुमच्यावर नको.